अखाजीच्या तोंडावर नंदुरबारची गाडी

शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासताना इतिहासाच्या सरांनी मोबाईल पुढे केला. त्यांच्या पुतण्याने कुठल्याशा मोठ्या शहरात एका दिवसात झाडून सगळ्या मेट्रो मार्गांवर प्रवास केला होता. प्रत्येक टोकाच्या स्टेशनवर, पाटीखाली, अंगठा वर करून त्याचा फोटो.

"सर, तुम्ही भूगोलवाले," ते मला म्हणाले, "तुमच्या खानदेशात असं काही करायचं म्हटलं तर किती वेळ लागेल? दाढी करून होईपर्यंत?"

सगळे हसले. मला राग आला. माझा राग नेहमी असाच चुकीच्या जागी येतो, आणि एकदा आला की मी त्याला कामाला लावतो. मी फळ्यावर नकाशा काढला. धुळे-चाळीसगाव फाटा, चाळीसगावहून मुख्य मार्गाने जळगाव, भुसावळ, मग मागे फिरून सुरतेच्या मार्गाने अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. "एका दिवसात," मी म्हणालो. "सूर्योदय ते सूर्यास्त."

"आणि रावेर? बोदवड? नवापूर?" गणिताच्या सरांनी विचारलं. त्यांना कोपरेच बरोबर सापडतात. भुसावळच्या पुढचे दोन फाटे आणि नंदुरबारच्या पुढचा तुकडा करायचा तर दिवस पुरत नव्हता. मी भुसावळ हे पूर्वेचं टोक आणि नंदुरबार हे पश्चिमेचं टोक असं जाहीर करून टाकलं. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी तर बंदच होती. म्हणजे 'सगळं जाळं' हे पहिल्या मिनिटापासून खोटं होतं. हरलो तर मी सगळ्यांना मिसळ द्यायची, जिंकलो तर त्यांनी मला.

गाड्यांची वेळापत्रकं जुळवताना जो दिवस निघाला, तो अखाजीच्या दोन दिवस आधीचा होता. मी तो निवडला तेव्हा अखाजी माझ्या डोक्यातच नव्हती. हे लिहायलाही मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. सासुरवाशिणीचा हा सण. ती माहेरी येते, झोका खेळते, गौराई मांडते. आणि ती आपली आपण येत नाही. भाऊ तिला न्यायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. ज्या घरी मुराळी येत नाही, त्या घरच्या सुनेला शेजारणी काही बोलत नाहीत, नुसतं विचारतात, "अजून गेली नाहीस?"

मला एकच बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नरडाण्याजवळच्या गावात दिलेली. वडील गेले त्या वर्षी मी तिला धुळ्याला निबंधक कार्यालयात नेलं आणि वडिलांच्या शेतातला तिचा हिस्सा हक्कसोड करून माझ्या नावावर घेतला. आमच्याकडे बहिणी सही करून देतात, हे इतकं ठरलेलं आहे की मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तारीख सांगितली होती. बाहेरच्या बाकावर बसून मी तिला म्हणालो, "तुझं माहेर शाबूत राहील. दर अखाजीला मी स्वतः येईन न्यायला." ती हसली होती. तिने सही केली, वळणदार अक्षरात, दहावीपर्यंत शिकलेली होती ती.

पहिल्या वर्षी गेलो. दुसऱ्या वर्षी फोन करून म्हणालो, तूच ये, परीक्षेचं काम आहे. नंतर फोनही सणाच्या सकाळी जायला लागला. अशी पाच वर्षं गेली.

आता माझ्या सफरीच्या बेतात दुपारचं जेवण बसत नव्हतं. नरडाण्याला गाडी दोन मिनिटं थांबते. मी बहिणीला फोन लावला.

"परवा दुपारी मी गाडीने येतोय," मी म्हणालो. "एकच्या सुमारास नरडाण्याला ये. कळण्याची भाकरी आणि ठेचा आण."

ती म्हणाली, "तू सोता येस? का कोनले धाडस?"

"नाही गं, मी स्वतः."

"गाडीवर?"

"हो. गाडीनेच."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी उसळलं होतं आणि मला ते ऐकू आलं नाही, कारण मी दुसऱ्या हाताने भुसावळच्या गाडीची वेळ लिहून घेत होतो. अखाजी चार दिवसांवर येऊन ठेपली असताना भाऊ म्हणतो, मी स्वतः येतोय. खानदेशातल्या कुठल्याही बाईला याचा एकच अर्थ कळतो. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो, मुलांना इथलाच भूगोल शिकवतो, आणि मला तो कळला नाही.

सकाळ चांगली गेली. धुळ्याची गाडी वेळेवर सुटली. शिरूड, राजमाने मागे पडलं, चाळीसगावला पाटीखाली फोटो. जळगावला दुसरा. भुसावळला पोहोचलो तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या उन्हात पांढुरक्या दिसत होत्या. शिक्षकांच्या ग्रुपवर अंगठे, टाळ्या, 'वाघ आहे आमचा' असले निरोप. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि त्या टाळ्या मी दर पाच मिनिटांनी उघडून बघत होतो.

सुरतेकडची पॅसेंजर मात्र जळगाव सोडल्यावर अडली. पाळधीच्या अलीकडे मालगाड्या पुढे काढायला उभी केली. धरणगावला पुन्हा. उन्हाने डबा तापला होता, पंखे गरम हवा ढवळत होते. मी स्टेशन मास्तराला, रेल्वेला, सरकारला शिव्या देत बसलो. शेजारचे म्हातारे म्हणाले, "मास्तर, रोज असंच ऱ्हास. आज काय नवं?" मला मात्र ते आपल्यावरचं वैयक्तिक संकट वाटत होतं.

एकचे दोन वाजले. दोनचे तीन. बहिणीला उशीर कळवायचा मी एकदाही विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, विचार आला होता. पण बॅटरी कमी होती आणि अजून दोन फोटो राहिले होते.

नरडाण्याला गाडी शिरली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. फलाटावर नळाजवळ थोडी सावली होती तिथे ती उभी होती. नवी हिरवी साडी. हातात डबा. पायाशी मोठी कापडी पिशवी आणि वर बांधलेलं गाठोडं. शेजारी तिची सासू, काठी टेकून.

मी दारातून हात केला. डबा घ्यायला.

"उनात का भाऊ शेवट!" सासूबाई म्हणाल्या. "हाई रोज वाट दखे. आम्ही म्हणूत, मास्तर शे, येळ नही भेटत. आज मीच म्हणनू, मी सोता सोपी देस."

त्यांनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. सून मुराळ्याच्या हवाली करायची रीत त्यांनी त्या उन्हात, अडीच तास उभं राहून, पाळली. माझी बहीण माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं ती घरात काय सांगत आली असेल, ते सगळं त्या बघण्यात होतं.

त्या दोन मिनिटांत करायची गोष्ट सोपी होती. खाली उतरायचं. नरडाण्याहून धुळ्याला एसटी आहे, तासाभराची वाट. पाणी प्यायचं, सासूबाईंच्या पाया पडायचं, बहिणीला घेऊन घरी जायचं.

मी दारात उभा राहिलो. नंदुरबार राहिलं होतं.

"चढ लवकर," मी बहिणीला म्हणालो.

"अहो, ही ते नंदुरबारले जास ना?" सासूबाईंनी विचारलं. "धुय्याले कशी जाई?"

"नंदुरबारला थोडं काम आहे मावशी. तिथून एसटीने जाऊ."

शिट्टी झाली. मी तिचा दंड धरून तिला वर घेतलं. घरापासून उलट्या दिशेला निघालेल्या गाडीत.

ती खिडकीजवळ बसली. पहिली काही मिनिटं ती आनंदात होती. डबा उघडून तिने भाकरी माझ्या हातावर ठेवली. "ठंडी झायी," ती म्हणाली. "तुन्हासाठी कांदाबी आना शे." मी खात होतो. ती माझ्याशी घरच्या बोलीत बोलायची आणि मी तिला शाळेतल्या भाषेत उत्तरं द्यायचो, हे कित्येक वर्षांचं. मी ते कधीपासून सुरू केलं, आठवत नाही.

"नंदुरबारले काय काम शे भाऊ?"

"शाळेचं."

तेवढ्यात फोनवर इतिहासाच्या सरांचा आवाजी निरोप आला आणि माझं बोट लागून तो वाजला. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा. "नरडाणा झालं का सर? आता मागे हटायचं नाही! नंदुरबारची पाटी दाखवा, मिसळ आमच्याकडून पक्की!"

तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"हाऊ काय खेय शे?"

मी सांगितलं. सांगायला लागल्यावर ते किती क्षुल्लक आहे हे माझ्याच कानांना कळत होतं, म्हणून मी भराभर सांगितलं.

"म्हंजे तू माले लेवाले नही उना," ती म्हणाली.

"न्यायला आलो नाही असं कसं गं? आता नेतोच आहे ना घरी."

"तू गाडीमा बसाले उना. मी वाटवर भेटनू." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मी आते परत बी जावू शकत नही. सासूना समोर पिशवी लिसन उनू."

शिंदखेडा आलं. दोंडाईचा आलं. दोन्हीकडून धुळ्याला एसटी मिळते. दोन्ही वेळा ती उठून दारापर्यंत गेली, माझ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "आता थोडंच राहिलं." दोन्ही वेळा ती परत येऊन बसली.

नंदुरबारला सूर्य अजून मावळला नव्हता. पाटीखाली उभं राहून मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि फोटो काढायला सांगितलं. तिने काढला. मी पाठवला. लगेच कोणीतरी विचारलं, फोटो कोणी काढला? मी लिहिलं, 'सहप्रवासी'. ती शेजारीच होती. तिने ओठ हलवत तो शब्द वाचला.

"सहप्रवासी म्हंजे मी ना?"

मी मोबाईल खिशात टाकला आणि चालू लागलो. एसटी स्टँडवर धुळ्याची गाडी लागायची होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मी सही तुन्हा शब्दवर करी. शब्द तू पाया नही. मंग मन्हं वावर माले दे."

आणि मी भडकलो. भर स्टँडवर. मी तिला म्हणालो की तुला तिकडून कोणी शिकवलं, की माहेरावर हक्क सांगायला लाज वाटत नाही का, की एका गाडीवरून इतकं? लोक वळून पाहायला लागले. ती रडली नाही. उलट पहिल्यांदाच तिने मला नीट पाहून घेतलं. एसटीत ती पुढे बायकांच्या बाकावर बसली, मी मागे.

अखाजी झाली. माझ्या बायकोने तिला साडीचोळी केली, मांडे केले. झोक्यावर ती बसली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोने तिला पोहोचवलं. माझ्याबरोबर जायला तिने नकार दिला. त्या रात्री बायको मला म्हणाली, "देऊन टाका. तुम्हाला ते कसतासुद्धा येत नाही." शाळेत मिसळ झाली. मी गेलो आणि खाल्लीही.

पावसाळ्यात मी तिच्या वाट्याचं शेत बक्षीसपत्राने तिच्या नावावर केलं. त्यात मोठेपणा काही नाही. तिचं होतं ते तिला गेलं, आणि 'बक्षीस' हा शब्द त्या कागदावर वाचताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. सहीला ती नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर आली. माझं घर निबंधक कार्यालयापासून दहा मिनिटांवर होतं. चहाला ये म्हणालो, तर म्हणाली, आभाळ आलं आहे, निघतो.

यंदा अखाजीच्या चार दिवस आधी मी एसटीने गेलो. फोन न करता. साडी, सांजोऱ्या, तिच्या सासूसाठी लुगडं. ओट्यावर सासूबाई वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या, तरतरीत. मला पाहून त्यांनी आत हाक मारली.

बहीण बाहेर आली. तिने मला पाणी दिलं, जेवायला वाढलं, दोनदा आग्रह केला. मी पिशवीकडे बोट दाखवून म्हणालो, "माले तुले लेवाले येनं व्हतं." माझ्या तोंडात ती बोली आता अडखळते, बरोबरही येत नाही.

"सासूले बरं नही, भाऊ," ती म्हणाली. "पुढला सालले दखू."

ओट्यावर सासूबाई खाली मान घालून मिरच्या खुडत राहिल्या. त्यांनी खोकल्याचं सोंगसुद्धा केलं नाही. मी कोणावर चिडायचं? लुगडं त्यांच्याजवळ ठेवलं, पाया पडलो, आणि फाट्यापर्यंत चालत आलो. एसटी लगेच आली. शेजारची जागा सबंध वाटेत रिकामी होती.