कुंडीतला रानकांदा

बायकोने हौसेने कुंडीत लावलेल्या रानकांद्याला श्रावणात पांढऱ्या चांदण्यांसारखा फुलांचा झुबका आला. माझी आत्या कौतुकाने वाकली. तिने सहज पान चुरगळलं, वास घेतला आणि हात झटकला. "अगंबाई, हा कांदाच की! चातुर्मासात, देवघरासमोर?"

"शोभेचा आहे, आत्या. खायचा नाही," बायको हसून म्हणाली.

"तुमच्याकडे चालत असेल."

बायकोची जात वेगळी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी 'तुमच्याकडे'. आम्हाला फूल आवडतं. कुठल्या कंदातून आलं ते कळलं, की आम्ही हात झटकतो. यात मीही आलो. मी कुंडी उचलून जिन्यात ठेवली.

आत्या गेल्यावर कुंडी परत आत आणली.

"आता कशाला?" बायको म्हणाली. "त्यांच्यासमोर उचलली नसतीस, तर पुरे होतं."