वरचे घर, खालचे घर

विमलताईंची आणि माझी पहिली भेट नांदे गावातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात झाली. पांढऱ्या केसांच्या, नीटनेटक्या सुती साडीतल्या त्या बाईंनी नाव सांगितले आणि थेट विचारले, "ओढ्याचे पाणी चढले, तर तुमच्याकडे चार माणसे दोन दिवस राहतील का?" नोकरीसाठी लातूरहून आलेल्या मला तोवर शेजाऱ्यांचीही नावे ठाऊक नव्हती. "घरात विचारून सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली.

ताईंनी उमेदीची वर्षे खाडीकाठच्या एका शहरात समाजसेविका म्हणून घालवली. ऐन भरतीत पाऊस कोसळला की तिथल्या सखल वस्त्या बुडत. मदत येईपर्यंत उशीर होई. म्हणून ताईंनी वस्तीतले एक घर आणि जवळच्या इमारतीतले एक घर अशा जोड्या लावून दिल्या. संकटाआधीच ओळख हवी, हा त्यांचा आग्रह. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे नांद्याला आल्या आणि इथेही हेच काम त्यांनी हाती घेतले.

नकार मात्र दोन्हीकडून आला. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "सिक्युरिटीचा प्रश्न येईल." ओढ्याकाठच्या वस्तीत राहून मेंढरे राखणाऱ्या सखूबाई त्याहून फटकळ. "आमी कुनाच्या दारात जायाचो न्हाई. लोकं नाकं मुरडत्यात." ताई कोणावरही रागावल्या नाहीत. अध्यक्षांना आणि मला त्या सखूबाईंकडेच जेवायला घेऊन गेल्या. गरम भाकरी आणि झणझणीत कालवण खाता खाता अध्यक्ष आपल्या आजोळच्या शेळ्यांबद्दल बोलू लागले, ते थांबेनात. निघताना सखूबाईंच्या घराची जोडी माझ्या घराशी ठरली.

गेल्या पावसाळ्यात भरदुपारी ओढा वस्तीत शिरला. अध्यक्षांनी स्वतः पार्किंग मोकळे करून मेंढरे आत घेतली. सखूबाई नातवंडांसह माझ्या दारात येऊन थबकल्या. "पाय लई चिखलाचं हायेत."

"या हो, फरशी धुता येते," माझ्या सासूबाई म्हणाल्या.

घरे भिजली, पण माणूस वा जनावर, एकही दगावले नाही.

ताईंची माया मीही अनुभवली आहे. बाळंतपणानंतर मी खचले होते. ताई रोज येत, बाळाला मांडीवर घेत आणि एवढेच म्हणत, "जा, तासभर झोप."

आता रिहे गावच्या ग्रामस्थांनी तिथेही अशाच जोड्या लावायला त्यांना बोलावले आहे. पंच्याहत्तरीत गुडघे कुरकुरतात, तरी त्या निघाल्या आहेत. परवा त्यांना हात धरून गाडीत बसवताना सखूबाई म्हणाल्या, "ताई, शंभरी गाठा. तवर आमी हाय संगं."

आम्हा सर्वांचेही मागणे तेच आहे.