आबांच्या बुटातले फुटाणे

दुपारी जेवून मी आबांच्या आरामखुर्चीत जरा टेकते. झोपायचं मुळीच नाही. पाच वाजता दाजी, म्हणजे नणंदेचे यजमान, जीप घेऊन येणार आहेत आणि आमच्या कुत्र्याला, गुंड्याला, त्यांच्या मळ्यावर नेणार आहेत, कायमचं. त्याआधी त्याची चादर, ताटली, पट्टा असं सगळं पिशवीत भरायचं आहे. पण रविवारी आमटीभात पोटात गेला की माझं काही खरं नसतं.

गुंड्या समोर येऊन बसलाय. निळा चेंडू त्याने माझ्या पायाशी आणून ठेवलाय. चेंडू पोकळ आहे. त्यात खाऊ भरायचा, कुत्र्याने नाकाने ढकलला की भोकातून एकेक तुकडा बाहेर पडतो आणि कुत्रं तासभर गुंतून राहतं. आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गुंड्या त्यांना घटकाभर बसू देईना, तेव्हा मीच हे खेळणं मागवलं होतं. मी आणि माझा नवरा प्रताप दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात. संध्याकाळी घरी यावं तर चेंडू रिकामा, गुंड्या खूश, आबाही खूश. "आमचा कुत्रा कोडी सोडवतो," असं मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते.

श्रावणात आबा गेले आणि गुंड्याची अक्कलही त्यांच्याबरोबर गेली. चेंडू ढकलायचा कसा, तेच तो विसरला. रिकाम्या खुर्चीपुढे चेंडू ठेवतो आणि आम्ही नसताना दिवसभर गळा काढतो. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, खालच्या काकू अंथरुणाला खिळलेल्या. माणसं चांगली आहेत, पण ऐकून तरी किती घेतील? प्रताप म्हणाला, मळ्यावर मोकळा राहील बिचारा. मी हो म्हणाले आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर वाढत जाते. मधेच ती खाली येते, पुन्हा चढते, कुणीतरी गिअर बदलल्यासारखी.

"शालन, सरक तिकडं. ड्रायव्हरची सीट हाय ही."

आबा उभे आहेत. अंगात खाकी शर्ट, पायात त्यांचे ते तपकिरी कॅनव्हासचे बूट. एस्टीतून निवृत्त झाले तरी त्यांनी पायातून ते सोडले नव्हते. मी सरकते. आता मी पहिल्या बाकावर बसलेय, खिडकीत आमची तुळशीची कुंडी आहे आणि कुंडीपलीकडे गगनबावड्याचा रस्ता पळतोय. दोन्ही बाजूंना ऊस.

गुंड्या आबांशेजारी, इंजिनावर, ऐटीत बसलाय.

"आबा, कुत्र्याला एस्टीत घेतात का?"

"त्याचं तिकीट काढलंय. तुझं कुठं हाय?"

मी पदर चाचपते. तिकीट नाही. आबा हसतात, कवळी दिसेपर्यंत, आणि मलाही हसू फुटतं. किती दिवसांनी हसतेय मी!

मग माझं लक्ष खाली जातं. जिथे अ‍ॅक्सिलरेटर असतो तिथे निळा चेंडू आहे. आबांचा उजवा पाय त्यावर सावकाश पुढेमागे फिरतोय. पाय पुढे गेला की गाडी वेग घेते, मागे आला की हळू होते, आणि दर खेपेला चेंडूतून एक फुटाणा टपकन पडतो. गुंड्या तो वरच्यावर झेलतो.

"आबा! चेंडू त्याने ढकलायचा असतो!"

"मग सांग की त्याला."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"आगं, पैल्या दिवशी गडगडत माझ्या पायाखाली आला. मी ढकलला, खाऊ पडला. दुसऱ्या दिवशी ह्यानं मुद्दाम आणून ठेवला. बघत बसला पायाकडं. काय करतोस? ढकलला. झालं, लागली की माझी ड्यूटी."

"आणि मी गावभर सांगतेय, कुत्रा हुशार म्हणून!"

"हुशारच हाय. रिटायर माणसाला पुन्यांदा कामावर घेतलं त्यानं." आबा पाय उचलून गुडघा वाकवून दाखवतात, अगदी सहज. "ती व्यायामाची बाई बाटली पायाखाली फिरवा म्हणून सांगून दमली. फिरवली मी? हा गुडघा कुणी सुधारला? ह्या गुंड्यानं."

मी इतके दिवस त्याचं श्रेय मी चोळलेल्या तेलाला देत होते. जाऊ दे.

"पण यात मी मऊ बिस्किटं भरायची ना? हे फुटाणे कुठून आले?"

"ती बिस्किटं काय तोंडात घालायच्या लायकीची हायत व्हय? चाखून बघितली मी."

"आबा!"

"मग फुटाणे भरायचो. चार त्याला, चार मला."

"तुमची कवळी तुटली तेव्हा मी फुटाणे बंद केले होते. घरात एक दाणा ठेवला नव्हता."

आबा एक पाय उचलतात आणि बूट कानाशी धरल्यासारखा हलवतात. आत खुळखुळतं. एवढा मोठा माणूस आणि बुटात खाऊ लपवून ठेवतो! मला त्यांना रागवायचंय, पण हसून हसून डोळ्यांत पाणी आलंय. बस वळण घेते. ऊस संपतो, माझं स्वयंपाकघर लागतं. गॅसवर दूध आहे. ते उतू जात नाही, आमच्याकडे बघत नुसतं थांबतं.

"आबा, गाडी थांबवा जरा. गुंड्याला आज मळ्यावर नेणारेत."

चेंडू थांबतो. बस थांबते.

"बरं की. मळ्यावर पाय हायत भरपूर."

"मला नाही पाठवायचं त्याला. तो गेला की घरात तुमचं काही उरणार नाही. पण तुमच्या पायाशिवाय तो चेंडूला तोंड लावत नाही, आणि दिवसभर रडतो. मी दुकान सोडून पाय द्यायला बसू का?"

आबा गुंड्याच्या कानामागे खाजवतात.

"माझे बूट कुठं हायत?"

"कपाटात. पिशवीत घालून, गाठ मारून ठेवलेत."

"कशाला?"

"तुमचे आहेत म्हणून," मी म्हणते.

"पुजणार हायस व्हय त्यास्नी? खुळी का काय! आगं, फुटाणे चेंडूतनं येतात हे त्याला ठावंच न्हाई. पायातनं येतात, असं समजतोय तो. मग दे की त्याला पाय."

"फाडून ठेवील तो, आबा."

"फाटू दे की. बूट फाटायलाच असतोय. फकस्त नाडी काढ तेवढी. गिळंल खुळं." ते पुन्हा समोर बघतात. पुढे घाट आहे, ऊन आहे, रस्ता मोकळा आहे. "चल, उतर आता. आणि डबल बेल दे. मला पुढं जायचंय."

मी खाली उतरते आणि हात उंचावून बसची दोरी ओढते. घंटा वाजते. पुन्हा ओढते. पुन्हा वाजते.

दारावरची बेल आहे. प्रताप दार उघडतोय, दाजी चपला काढतायत.

"झालं का वहिनी? कुठं हाय पाव्हणा?"

मी आत जाते. कपाटातून पिशवी काढते. गाठ सुटत नाही तेव्हा दातांनी सोडते. उजव्या बुटाची नाडी ओढून काढते, मऊ बिस्किटं चुरून आत टाकते, वर एक जुना मोजा कोंबते आणि बूट गुंड्यापुढे ठेवते. प्रताप बघतच राहतो. "अगं, आबांचा बूट!"

"आबांचाच," मी म्हणते.

गुंड्या बूट हुंगतो. एकदा, दोनदा. शेपूट हलू लागते. मग तो नाक आत खुपसतो, मोजा ओढून काढतो, बूट पंजाने उलटा करतो आणि पडलेला तुकडा मटकावतो. पुन्हा ढकलतो. बूट फरशीवरून पुढे आणि गुंड्या मागे. दाजींचा चहा होतो, गप्पा होतात. आम्ही तिघं मुद्दाम जिन्यात जाऊन दार लावून उभे राहतो. आतून रडण्याचा आवाज नाही. नुसती फरशीवर बुटाची खरखर.

"मग मी मोकळाच जाऊ व्हय?" दाजी विचारतात.

"मोकळे कशाला? हा चेंडू न्या. तुमच्या कुत्र्यांना होईल." त्यांना काही कळत नाही, पण ते हसत चेंडू घेतात आणि जातात.

डावा बूट मी पुन्हा पिशवीत घालते. तेवढं आबा चालवून घेतील. गाठ मात्र मारत नाही.

गुंड्या अजून बुटाशी झटतोय. बिस्किटं संपली असणार. तो बूट तोंडात धरून जोरात झटकतो आणि आतून काहीतरी उडून फरशीवर टणकन पडतं. फुटाणा. श्रावणापासून ओल्या हवेत, बंद पिशवीत राहिलेला फुटाणा सादळून चामट व्हायला हवा. गुंड्या तो उचलतो, माझ्याकडे बघतो आणि दाढेखाली घेतो.

कुडुम.