वेल्डिंगच्या काचेतली चार मिनिटं

ऋजुता फोटो काढायला उभी राहिली की चार मिनिटं तिच्या पाठीमागे कोण येतंय, हे तिला कळत नाही. ही माझी काळजी जुनी आहे आणि काही केल्या जात नाही. मुलगी सव्वीस वर्षांची आहे. मोहालीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, जवळच्या खरड गावात मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते, स्कूटीवर ट्रायपॉड बांधून शहरभर फिरते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कायम तिची पाठ येते.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेवर यंदा तिचा फोटो आहे. संपादक लक्ष्मीकांत भाऊजींनी तिच्याबद्दल दहा ओळी माझ्याकडे मागितल्या आहेत. सकाळी नऊला सगळं प्रेसला जायचंय. रात्रीचे अकरा वाजून गेले आणि दहा ओळी केव्हाच ओलांडल्या.

तिचा जन्म इथलाच, मोहालीला लागून असलेल्या या शहरातला. तिचे बाबा, अविनाश, सेक्टर ३० मधल्या सरकारी प्रयोगशाळेत भिंगं घासण्याच्या विभागात आहेत. मी लग्न होऊन अकोल्याहून आले. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. मंडळात कुणी काही विचारलं की "मला ना... वो..." करत अडखळायची आणि तिचं वाक्य मी पुरं करायचे. "तिला नाटकात काम करायचंय." "तिला पुरणपोळी फार आवडते." दोन्ही खोटं होतं.

फोटोंचं वेड कॉलेजात लागलं. भर दिवसा चार मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा, तर पुढे जवळजवळ काळी काच लागते. तिने इंडस्ट्रियल एरियातल्या हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डरच्या मुखवट्यात बसवतात ती काच आणली आणि रबरबँडने लेन्सवर बांधली. अविनाशनी ती उजेडात धरून पाहिली.

"बेटा, ही काच आहे की बाटलीचं बूड?"

"बाबा, वेल्डरचे डोळे सांभाळते ना? मग माझा कॅमेरा काय चीज आहे!"

त्यांनी वाढदिवसाला चांगला फिल्टर आणून दिला. तो अजून आमच्या कपाटात डबीतच आहे. वेल्डिंगच्या काचेतून सगळं हिरवं येतं, म्हणून ती फोटोतला रंगच काढून टाकते. "म्हणजे नाइलाजच की," मी म्हटलं. तर म्हणाली, "पहले मजबूरी थी. आता मला असंच दिसतं." त्या चार मिनिटांत चालती माणसं आणि गाड्या फोटोतून नाहीशा होतात, ढगांचे लांब पट्टे होतात, काँक्रीट तेवढं जागचं हलत नाही. गांधी भवनाभोवतालचं पाणी तर पाटीसारखं दिसतं.

स्मरणिकेसाठी तिने शहराची खूण असलेला ओपन हँड निवडला. खांबावर बसवलेला तो पत्र्याचा प्रचंड उघडा हात वाऱ्याने फिरतो. जागा सरकारी पहाऱ्यातली, तिथे ट्रायपॉड न्यायचा म्हणून तिने रीतसर अर्ज केले. दोन परत आले, तिसरा मंजूर झाला. मे महिन्यात मी सोबत गेले, पाठ राखायला. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी, मी तिच्याकडे पाठ करून. पहाऱ्यावरचा जवान जवळ आला.

"मॅडम, फोटो हो गई?"

"जी, दो मिनट और."

"दो मिनट से तो मैं भी देख रहा हूँ. बटन तो दबाओ!"

"वीरजी, बटन कब का दबा हुआ है."

तो हसत सावलीत गेला. तिसऱ्या मिनिटाला वारा सुटला. मला वाटलं, गेलं सगळं. ती ओरडली, "आई, बघ, फिरला!" फोटोत खांब सुरीसारखा स्वच्छ आला आणि बोटं धुरासारखी पसरलेली. मला तो पहिल्यांदा आवडला नव्हता. मग दोन दिवस तोच डोळ्यांपुढे राहिला.

एका रविवारी भाऊजी आमच्याकडे चहाला आले. फोटो लांब धरून बघत राहिले.

"हात हललाय गं, ऋजुता."

"काका, तो हलतोच. त्यासाठीच बनवलाय."

ती खरडला निघून गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, आपल्याकडे काळे-पांढरे फोटो श्रद्धांजलीच्या पानावर असतात. बाप्पाच्या अंकाचं मुखपृष्ठ सुतकी दिसायला नको. थोडा रंग भरू का?"

"भरा की," मी म्हटलं. "तिची काही हरकत नाही."

काल मंडळाच्या ग्रुपवर मुखपृष्ठ आलं. हात केशरी, आकाश निळं, खाली झेंडूची रांग, कोपऱ्यात तिचं नाव. शाबासकीच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस. संध्याकाळी ती घरी आली. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"तूने हाँ बोला?"

"अगं, लोकांना किती आवडलंय, बघ तरी."

"ये मेरी फोटो नहीं है. ब्लॅक अँड व्हाइट छापा, नहीं तो मत छापो."

"एवढ्यासाठी भाऊजींना दुखवायचं? पुढे कोण विचारेल तुला?"

"नको विचारू दे कोणी. मी रविवारी ट्रायपॉड लावून उभी असेनच."

ती दारातूनच परत गेली. मी भाऊजींना काही कळवलं नाही. म्हटलं, होईल शांत.

आता लिहायला बसले, तर एकाच वाक्याशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते: 'मुखपृष्ठावरचा फोटो ऋजुताने काढला आहे.' तो तिने काढलेलाच नाही. तीन अर्ज, ती हिरवी काच, त्या उन्हातली चार मिनिटं, यातलं त्या केशरी हातात काहीच उरलेलं नाही. आणि इतकी वर्षं मला धास्ती कसली, तर तिच्या पाठीमागे कोण येईल याची. आले ती मीच.

"आता फोन करतेस?" अविनाश कुशीवर वळत म्हणाले. "झोपले असतील ते."

"उठतील."

भाऊजी म्हणतील, वहिनी, आयत्या वेळी दुसरं चित्र कुठून आणू? नका आणू. तिचा मूळ काळा-पांढरा फोटोच छापा, नाहीतर कोरं मुखपृष्ठ. सुतकी दिसलं तर दिसू दे, कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. पण तिच्या नावाखाली तो केशरी हात जाणार नाही. आणि या वेळी तिचं वाक्य मी पुरं करणार नाही, सुधारणारही नाही. ती हेल्मेट घालून म्हणाली, तसंच्या तसं सांगणार आहे: ब्लॅक अँड व्हाइट छापा, नहीं तो मत छापो.

फोन लावते.