सुधाकररावांची बाई

समस्त मित्रमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे सुधाकरराव वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बाई झाले आहेत. घाबरू नका, फक्त कॉम्प्युटरवरच्या खेळात. तिथे सुरुवातीलाच पुरुष व्हायचं की बाई, ते निवडावं लागतं. मी अर्थातच भरघोस केसांचा, सपाट पोटाचा योद्धा झालो. आरसा जे नाकारतो ते माणूस तिथे मागून घेतो, असा माझा सिद्धांत आहे.

सुधाकरची बाई मात्र बुटकी, चष्मा लावणारी, कानांपाशी केस पिकलेली. तिच्या हाती त्याने तलवारसुद्धा दिलेली नाही. राक्षस दिसला की तो तिला आडवाटेने नेतो आणि मग नदीकाठाने नुसता चालवत राहतो. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे तो असा बघतो की माझ्या जिभेवरची थट्टा तिथेच वाळते. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, तेव्हापासून त्या घरात दुसरं माणूस नाही. त्याला जे हवंय ते ना आरसा देणार, ना हा खेळ.

परवा दुपारी खेळ बंद करताना तो पडद्यावरच्या बाईच्या वतीने हळूच म्हणाला, "येते हं."

मला राहवलं नाही. "अरे सुध्या, बंदच करतोयस ना? मग 'जाते' म्हण की."

"'जाते' म्हणू नये," तो म्हणाला. आणि मग एकदम त्याच्या तोंडून निघालं, "हॉस्पिटलात जाताना तीसुद्धा 'येते'च म्हणाली होती रे."