सहा कार्डांत शकुंतला नाही

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

ज्या संशोधन संस्थेतून मी निवृत्त झाले, तिथे आज वर्कशॉप होतं. वैद्यकीय संशोधनात कोण कोण काम करतं, त्यांच्या काल्पनिक व्यक्तिरेखा कार्डांवर तयार केल्या होत्या. नवं ट्रेनिंग त्यांच्यावरूनच ठरणार. सहा कार्डांपैकी दोन मॅनेजरांची!

मी विचारलं, विकास नगरात घरोघर फिरून रक्ताचे नमुने आणणारी आमची शकुंतला कुठे आहे?

"मॅम, टेम्पलेट में छह ही हैं," सल्लागार मुलगी गोड हसली.

"तो एक मैनेजर निकाल दो."

"वो तो फ़ाइनल हो गया, आंटी."

चहाच्या वेळी शकुंतलाचाच फोन. "दीदी, ट्रेनिंग में हमारा नाम है न?"

"पूछकर बताती हूँ," म्हणाले. आता कुणाला विचारू, सांगता का?