सुटणारी शिवण

मास्तरांच्या हातची एकही शिवण कधी उसवून परत आली नव्हती. तयार कपड्यांपुढे त्यांचं दुकान बंद पडलं, पत्नी गेली, मुलगी नोकरीसाठी दूर गेली. उरला तो हा लौकिक. त्याच्याच बळावर, साठी उलटल्यावर, त्यांना अवकाशयानांच्या कार्यशाळेत काम मिळालं. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरी म्हणायला कुणी नव्हतं.

काम घेराचं होतं. प्रमुख अभियंता असलेल्या बाईंनी ते त्यांना समजावून दिलं. यान प्रवासी बॅगेएवढं. दूरच्या ग्रहाशी पोचल्यावर वेग उतरवायला लागणारं इंधन त्यात मावत नाही. म्हणून ते ग्रहाच्या हवेच्या वरच्या थरातून एकदाच जाणार. भोवती उघडलेला कापडी घेर हवेला अडेल, वेग उतरेल आणि नेमक्या क्षणी घेर गळून पडेल. लवकर पडला तर यान अवकाशात निघून जाणार, उशिरा पडला तर ग्रहावर कोसळणार.

घेर आठ ठिकाणी साखळी टाक्याने जोडायचा होता. धान्याच्या पोत्याचं तोंड असंच शिवतात. दोऱ्याचं टोक ओढलं की सरसर उसवतं. इथे ते टोक एक छोटी मोटर ओढणार होती. शेवटी गाठ मारायची नाही, एवढीच अट. ज्यासाठी जन्मभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, ते आता पगार घेऊन करायचं, असं मास्तर म्हणाले, तेव्हा बाई हसल्या होत्या.

घेर पेटीत सीलबंद झाला. त्यानंतरच्या रविवारी मुलीचा दोन मिनिटांचा फोन येऊन गेला आणि मास्तर सदऱ्याला बटण लावायला बसले. दोरा तोडताना त्यांच्या लक्षात आलं, बोटांनी त्यांना न विचारताच गाठ मारली होती. आठवी शिवण संपताना जेवणाची घंटा झाली होती, ते घाईने उठले होते. तिथे काय केलं, ते काही केल्या आठवेना.

ज्याच्या चुकीमुळे सीलबंद पेटी उघडावी लागेल, त्याने पुन्हा यानाच्या कामाला बसायचं नाही, हा कार्यशाळेचा नियम त्यांना पाठ होता. सोमवारी बाई येण्याआधीच ते त्यांच्या दाराशी उभे होते.

पेटी उघडली. आठव्या शिवणीच्या टोकाला, कापडाच्या घडीत, तिळाएवढी गाठ होती.

"सांगितलं नसतंत, तर कुणाला कळलं नसतं, मास्तर."

"कळलं असतं, बाई. फक्त तेव्हा कात्री घेऊन तिथवर जाता आलं नसतं."

बाईंनी वर शब्द टाकून पाहिला. नियम हलला नाही. ती शिवण दुसऱ्या कुणीतरी घातली. मास्तरांनी आपली कात्री कागदात गुंडाळून घरी आणली.

यान सुटल्याची बातमी त्यांनी वाचनालयात वाचली. एका ताटाचा स्वयंपाक, संध्याकाळची फेरी, रविवारचा फोन. शेजारी त्यांना आजोबा म्हणत.

यान सुटल्यानंतर अकराव्या महिन्यात, एका मंगळवारी, फोन वाजला. रविवार नसल्यामुळे ते जरा घाबरले.

"मास्तर आहेत का?"

बाई होत्या. आठही शिवणी एका क्षणात उसवल्या, यान ग्रहाभोवती फिरू लागलं, असं त्या सांगत होत्या. मास्तरांनी घेराचं काय झालं ते विचारलं. जळून गेला असेल, त्या म्हणाल्या.

"बाई, सुरुवातीला काय म्हणालात?"

"मास्तर आहेत का, म्हटलं."

"आहेत," ते म्हणाले.